दोघेही अमेरिकी सैन्यात: घरभाडे किती आणि कुणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत वाढलेली काही मराठी मुले-मुली तिथल्या सैन्यदलांत जातात. ग्रीन कार्ड असले तरी सैनिक म्हणून भरती होता येते. पुढे सैन्यातल्याच सहकाऱ्याशी लग्न झाले की इकडच्या नातेवाइकांत एक समज पक्का होतो: सरकार दोघांनाही घरभाडे देते, शिवाय नवरा-बायकोची ताटातूट झाली तर त्याचे पैसे दोघांना वेगळे. हा समज अर्धाच खरा आहे. त्यावर विसंबून घर घेणारी, कर्ज काढणारी तरुण जोडपी अडचणीत येतात, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे केंद्र सरकारी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत मिळतो. मुंबई-पुण्यासारख्या एक्स वर्गातल्या शहरांत ३० टक्के, वाय वर्गात २० आणि झेड वर्गात १०. पती-पत्नी दोघे नोकरीत असून एकाला त्याच गावी सरकारी घर मिळाले, तर दुसऱ्याचा भत्ता थांबतो. अमेरिकी सैन्याचा घरभाडे भत्ता, म्हणजे बीएएच, टक्क्यांत नसतो. तो तीन गोष्टींवर ठरतो: हुद्दा, नेमणुकीच्या ठिकाणाचा पिन कोड (तिकडे झिप कोड) आणि अवलंबित आहेत की नाहीत. पिन कोड नेमणुकीच्या जागेचा धरतात, राहत्या घराचा नव्हे. दर दरवर्षी १ जानेवारीला बदलतात. दर खाली आला तरी त्याच ठिकाणी आधीपासून असलेल्याचा भत्ता कमी करत नाहीत. २०१९ पासून स्थानिक घरखर्चाचा सुमारे ५ टक्के भाग सैनिकाने स्वतः सोसायचा, असे गणित आहे.

आता मुख्य मुद्दा. पती किंवा पत्नी स्वतः सक्रिय सेवेत असेल, तर भत्त्याच्या हिशेबात ती व्यक्ती जोडीदाराची 'अवलंबित' ठरत नाही. मूल नसलेल्या जोडप्यात दोघांनाही 'अवलंबित नाही' या दराने, आपापल्या हुद्द्याचा आणि आपापल्या नेमणुकीच्या ठिकाणचा भत्ता मिळतो. दोघे एकाच तळावर असून बाहेर भाड्याने राहत असतील, तर या दोन भत्त्यांची बेरीज अवलंबित असलेल्या एका सैनिकाच्या भत्त्याहून बहुधा जास्त होते. 'दुप्पट घरभाडे' म्हणतात ते एवढेच, आणि ते कायदेशीर आहे.

मूल झाल्यावर दोघांपैकी एकालाच 'अवलंबितांसह' हा दर मिळतो, दुसऱ्याचा दर होता तोच राहतो. मूल कुणाच्या नावावर घ्यायचे हे जोडपे ठरवू शकते. सहसा वरच्या हुद्द्याच्या नावावर घेतात. पण डोळे झाकून तसे करू नये. दोघांच्या नेमणुका वेगळ्या शहरांत असतील, समजा एक सॅन डिएगोत आणि दुसरा टेक्सासमधल्या एल पासोत, तर दोघांचे दोन-दोन दर, असे चारही आकडे कागदावर मांडून पाहावेत. संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पिन कोड आणि हुद्दा घातला की दोन्ही दर दिसतात. पाच मिनिटांचे काम आहे.

पैसा सर्वाधिक बुडतो तो एका विशिष्ट वेळी. नवरा आधीपासून सेवेत आहे, बायको घरी किंवा बाहेर नोकरीत आहे आणि त्याला 'अवलंबितांसह' दराने भत्ता मिळतो आहे. मग बायकोही भरती होते. ती सक्रिय सेवेत दाखल झाली त्या तारखेपासून ती अवलंबित राहत नाही, आणि मूल नसेल तर नवऱ्याचा दर त्याच दिवसापासून खाली यायला हवा. वेतन कार्यालयाला ते आपोआप कळेलच असे नाही. कुणी कळवले नाही तर जुना दर महिनोन्‌महिने जमा होत राहतो, आणि चूक सापडल्यावर सगळा फरक कर्ज म्हणून पगारातून वळता होतो. घटस्फोट झाल्यावर किंवा मुलाचा ताबा बदलल्यावरही हेच घडते. लग्न, जन्म, भरती, घटस्फोट यांतले काहीही झाले की दाखला घेऊन त्याच आठवड्यात कार्यालयात जावे आणि अर्जाची पोच सांभाळून ठेवावी. त्यानंतर तीन महिने वेतनपावती, म्हणजे एलईएस, ओळन्‌ओळ वाचावी.

नवविवाहितांना बराकीचा नियम जाचतो. ई-६ (ई म्हणजे सैनिकांची वेतनश्रेणी, आकडा मोठा तितका हुद्दा वरचा) आणि त्याखालच्या सैनिकाला अवलंबित नसतील तर बराकीत ठेवता येते. ई-७ आणि वरच्यांना बराक नाकारून भत्ता घेता येतो. बराकीत असेपर्यंत पूर्ण बीएएच मिळत नाही, मिळतो तो 'अंशतः' भत्ता. त्याचे आकडे वाचून विश्वास बसणार नाही: ई-४ ला महिन्याला ८.१० डॉलर, ई-५ ला ८.७० डॉलर. हे दर कित्येक दशकांत बदललेले नाहीत. म्हणून लग्न झाले म्हणजे भत्ता सुरू झाला असे समजून भाडेकरारावर सही करू नये. आधी तुकडीकडून बराक सोडल्याचा कागद घ्यावा, मग बीएएचचा अर्ज करावा, करार त्यानंतर.

दक्षिण कोरियासारख्या ठिकाणी कुटुंबाविना बदली झाली की हाच नियम जास्त बोचतो. ज्याची बायको सैन्यात नाही, त्या सैनिकाला अमेरिकेतल्या तिच्या घरासाठी 'अवलंबितांसह' भत्ता मिळत राहतो. ज्याची बायको सैन्यात आहे आणि मूल नाही, तो तिथल्या बराकीत गेला की त्याचा पूर्ण भत्ता थांबतो, बायकोला फक्त तिचा स्वतःचा मिळतो. घर मात्र दोघांच्या भत्त्यावर घेतलेले असते. आमचा ठाम सल्ला आहे की दोघेही सैन्यात असतील तर घराचा हप्ता किंवा भाडे एकाच्या बीएएचमध्ये भागेल एवढेच ठेवावे.

आता ताटातुटीचा भत्ता, म्हणजे फॅमिली सेपरेशन अलावन्स. बदलीमुळे, जहाज आपल्या बंदरापासून दूर गेल्यामुळे किंवा तात्पुरत्या कामगिरीमुळे जोडीदार वेगळे झाले तर तो मिळतो. जहाजाची सफर किंवा तात्पुरती कामगिरी सलग ३० दिवसांहून जास्त असावी लागते. नेमके ३० दिवस भरले तर काहीच मिळत नाही. एकतिसावा दिवस लागला की पहिल्या दिवसापासून मिळतो. दोन दशकांहून अधिक काळ हा भत्ता महिन्याला २५० डॉलर, म्हणजे दिवसाला ८.३३ डॉलर होता. २०२३ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने तो ४०० डॉलरपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. मुभा म्हणजे आपोआप वाढ नव्हे, तेव्हा चालू दर कार्यालयात विचारून घ्यावा.

दोघेही सैन्यात असतील तर मूल नसले तरी हा भत्ता मिळतो, पण दोन अटींवर. आदेशामुळे वेगळे होण्याच्या लगेच आधी दोघे एका घरात राहत असले पाहिजेत. दोन वेगवेगळ्या तळांवर असतानाच लग्न केलेल्या आणि एकत्र संसार न झालेल्या जोडप्याचा अर्ज इथेच फेटाळला जातो. दुसरी अट अशी की मूल नसलेल्या जोडप्याला एका महिन्यात एकच भत्ता. जो आधी निघेल त्याला तो मिळतो. दोघे एकाच दिवशी निघाले तर वरच्या हुद्द्याला. त्याचा काळ संपला आणि दुसरा अजून बाहेरच असेल, तर दुसऱ्याने स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

हे आम्हाला अन्यायाचे वाटते. घरभाड्याच्या वेळी हे दोघे एकमेकांचे कुणीच नसतात, दोन सडे सैनिक असतात. ताटातुटीच्या वेळी मात्र तेच दोघे एक कुटुंब होतात, म्हणून भत्ता एकच. दोन्ही वेळा नियमाचा फायदा सरकारी तिजोरीलाच. दोघांना दोन दिशांना पाठवले तर दोघांचाही फोनचा, प्रवासाचा, सामान ठेवण्याचा खर्च वाढतो. तो खर्च निम्मा होत नाही. अमेरिकी काँग्रेसने कमाल रक्कम वाढवली तेव्हा ही एका भत्त्याची अटही काढायला हवी होती.

ताटातुटीच्या भत्त्याचा अर्ज डीडी १५६१ या फॉर्मवर होतो. निघण्यापूर्वी भरून ठेवता येतो, आणि तसाच भरावा. एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून दोघांची नावे असलेला भाडेकरार जोडावा. करारावर एकाचेच नाव असेल तर घरमालकाकडून आजच दुसरे नाव घालून घ्यावे. आर्मीतल्या (भूदलातल्या) जोडप्यांनी एकत्र नेमणुकीसाठीचा अर्जही (फॉर्म डीए ४१८७) लग्नानंतर लगेच द्यावा. एकत्र नेमणुकीची हमी नाही, पण अर्जच नसेल तर नेमणूक करणाऱ्याला लग्न झाल्याचे दिसतच नाही.

आई-वडील दोघेही सैन्यात असलेल्या मुलासाठी 'फॅमिली केअर प्लॅन' लेखी द्यावा लागतो. दोघे एकाच वेळी बाहेर गेले तर मूल कुणाकडे राहील, हे त्यात असते. ही योजना देता आली नाही तर नोकरीवर गदा येऊ शकते. मराठी घरांत इथे हमखास आजी-आजोबांचे नाव पडते, आणि इकडच्या वाचकांनी नीट समजून घ्यावा असा भाग हाच आहे. तळाजवळचा, लगेच धावून येणारा सांभाळकर्ता वेगळा लागतो. साताऱ्यातली आजी ते काम करू शकत नाही. दीर्घ काळासाठी तिचे नाव चालू शकते, पण ती पर्यटक व्हिसावर तिकडे गेली तर एका वेळी सहसा सहा महिनेच राहता येते, आणि मुक्कामाची शेवटची तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते, व्हिसाच्या शिक्क्यावर नव्हे. मोहीम नऊ महिन्यांची असेल तर मधेच कुणाला तरी यावे लागेल किंवा मुलाला भारतात आणावे लागेल. त्यासाठी मुलाचा अमेरिकी पासपोर्ट, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते), आणि उपचार व शाळेचे निर्णय घेण्याचा अधिकार देणारे नोटरी केलेले मुखत्यारपत्र आधीच तयार हवे. ओसीआय कार्ड हाती यायला आठवडे लागतात, आदेश आल्यावर तेवढा वेळ मिळेलच असे नाही.

आपले,
लष्करी वेतन-भत्त्यांचे काम पाहणारे दोन वाचक,
सॅन डिएगो, कॅलिफोर्निया