वयाची मर्यादा खाली आणून काय साधणार?

महोदय,

पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातापासून (मे २०२४) बालन्याय कायद्यातील १८ वर्षांची मर्यादा (जिच्याखालच्या आरोपीला मूल मानतात) खाली आणा, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. दोन जीव गेल्यावर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, त्याचा संताप मलाही आला होता. पण २०१५ च्या कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची सोय आहेच. मात्र अट अशी की, त्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी; नुसती कमाल शिक्षा मोठी असून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. या अपघातात लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात तशी किमान शिक्षा नाही. अडचण कोणता गुन्हा यात बसतो, या व्याख्येत आहे. त्यासाठी सरसकट सगळ्या मुलांचे वय खाली ओढणे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य आपली दुरुस्ती करू शकते, तेव्हा ती नेमकी या व्याख्येत करावी.

आणि पालकांचे काय? अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड, ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. कुठल्याही क्लासबाहेर संध्याकाळी उभ्या असलेल्या दुचाकी पाहा (हेल्मेटचे तर नावच नको). नवा कायदा आणण्याआधी या कलमाखाली जिल्हावार किती पालकांवर खटले भरले, तेवढे सरकारने जाहीर करावे.

– एक वाचक, सातारा