चौका लावायला शिकवणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,

सादर जय जिनेंद्र.

दिवाळीच्या पहाटे वर्षायोगाचं, म्हणजे दिगंबर मुनींच्या चातुर्मासाचं, निष्ठापन (समाप्ती) झालं, महाराजांचा विहार झाला, म्हणजे ते पायी पुढे गेले, आणि बस्तीपुढचा, म्हणजे जैन मंदिरापुढचा, मांडवही उतरला. चार महिने माईकवरून पुष्कळांचे आभार मानले गेले. मांडव देणारे, गाड्या सोडणारे, दुधाचा रतीब घालणारे, सगळ्यांची नावं आली. तुम्ही मात्र त्या वेळी विहिरीच्या काठावर नाहीतर चुलीपाशी होता. म्हणून दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरच्या आम्ही पाठशाळेतल्या सगळ्यांनी हे पत्र उघडपणे लिहायचं ठरवलं. यात तुम्ही शिकवलेलंच आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे. पण ज्या गावात पुढच्या आषाढात पहिल्यांदा चौका, म्हणजे मुनींच्या आहारासाठीचं शुद्ध स्वयंपाकघर, लागणार आहे, तिथल्या लेकी-सुनांच्याही हे वाचनात यावं अशी इच्छा आहे.

सुरुवात पाण्यापासून, कारण तुम्हीही तिथूनच केलीत. गाळण्याचं कापड 36 अंगुळं लांब, 24 अंगुळं रुंद, म्हणजे साधारण 27 इंच बाय 18 इंच. ते जाड खादीचं, कोरं आणि दुहेरी असावं. उन्हासमोर धरल्यावर त्यातून किरणांचे ठिपके दिसले तर ते बाद. जुन्या लुगड्याचा तुकडा चालत नाही, कारण वापरून वापरून त्याची वीण सैल झालेली असते आणि जे अडवायचं तेच त्यातून निसटतं. दुहेरी केल्यावरही कापड घागरीच्या तोंडाबाहेर चारी बाजूंनी उतरलं पाहिजे, नाहीतर कडेनं न गाळलेलं पाणी आत ओघळतं.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती यापुढे. पाणी गाळून झालं की कापड पिळायचं नाही. पिळलं की ज्या जिवांना वाचवण्यासाठी गाळलं, तेच चिरडतात. कापड अलगद उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्याची बारीक धार वरून सोडायची आणि ते धुवण भांड्यात धरायचं. ही जिवाणी. ती ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत गेली पाहिजे. वरून ओतून मात्र नाही. तीस-चाळीस फुटांवरून आपटल्यावर काय वाचणार? त्यासाठी पोहऱ्याच्या बुडाला कडी. पोहरा सावकाश सोडत न्यायचा, बूड पाण्याला टेकलं की कडीच्या दोरीला हळूच ओढ द्यायची. पोहरा कलंडतो आणि जिवाणी पाण्यात पाण्यासारखी मिसळते. बोअरवेलमध्ये हे करता येत नाही. म्हणूनच चातुर्मास ठरला की पहिलं काम विहीर उपसण्याचं, हे तुम्ही पंचांना उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. नळ आल्यापासून आपल्या भागातल्या किती विहिरी कचऱ्यानं भरल्या ते सगळे बघतातच. आषाढात गाळ काढायला गेलं तर पाऊस पडलेला असतो आणि पाणी महिनाभर गढूळ राहतं.

मग काळाची मर्यादा. गाळलेलं पाणी 48 मिनिटं, लवंग वगैरे घालून प्रासुक, म्हणजे जीवरहित, केलेलं दोन प्रहर म्हणजे 6 तास, उकळलेलं आठ प्रहर म्हणजे 24 तास. दूध काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत तापलं पाहिजे, त्यामुळे गोठा चौक्यापासून किती लांब आहे हे आधी बघायचं. पीठ पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. पाठ करायला हे आकडे सोपे आहेत. पावसाळ्यात मर्यादा सगळ्यात कमी का, हे तुम्ही तीन दिवसांचं आणि पाच दिवसांचं पीठ दोन ताटल्यांत शेजारी शेजारी ठेवून दाखवलंत. श्रावणातल्या पाच दिवसांच्या पिठाला बोटाला चिकटणारी ओल होती, गुठळी फोडली की आत जाळीसारखे बारीक धागे होते. त्यानंतर तो आकडा कुणाला विसरायला झाला नाही. गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ दगडात अडकलेलं असतं, म्हणून चौक्यासाठी शक्यतो घरचं जातं. सरपण चुलीत सारण्याआधी प्रत्येक लाकूड जमिनीवर आपटायचं. पोखरलेल्या ढलपीत मुंग्या असतात.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही. पावसाळ्यात पालेभाजीही नाही. हे सांभाळणं अवघड नाही. अवघड असतो रसत्याग. कुणा महाराजांचा मिठाचा त्याग, कुणाचा तेलाचा, कुणाचा गुळा-साखरेचा. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ या सहांतलं काय कुणाला चालत नाही ते आधी विचारून घ्यायचं आणि बिनमिठाची भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. एकच पळी दोन्हीकडे फिरली की सगळं व्यर्थ.

आहारासाठी निघताना महाराज उजव्या खांद्याशी बोटं जुळवून चालतात आणि मनात एखादा नियम धरलेला असतो: हातात कलश असलेलं जोडपं दिसलं तरच थांबायचं, किंवा श्रीफळ दिसलं तर. तो नियम कुणाला सांगितलेला नसतो. जुळला नाही तर उपवास. दारात उभं राहून «हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ» (इथं थांबावं) म्हणायचं, जागा सोडून मागं धावायचं नाही. रस्त्यावर सडा शिंपडू नये, ओल्या जमिनीवरून ते येणार नाहीत. थांबले की तीन प्रदक्षिणा, उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन, नमस्कार आणि मन, वचन, काया, आहार-जल शुद्ध असल्याचं सांगणं. शब्द घाईत उरकायचे नाहीत, असं तुम्ही बजावत होता. ती ग्वाही आहे. खोटी ग्वाही देऊन घास वाढायचा नसतो.

आणि वाढणं. उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदा. पाणी त्याच वेळी, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत थेंबही नाही. ओंजळीत मावतं किती? म्हणून घास सुपारीएवढा, पाण्याची धार बारीक. धार जोरात पडली की बोटं विलग होतात, घास खाली सांडतो आणि तो अंतराय, म्हणजे आहार तिथंच थांबवणारं विघ्न. 32 अंतराय आहेत, पण आपल्या हातून होणारा नेहमीचा एकच: केस. डोक्याला घट्ट कापड बांधायचं ते एवढ्यासाठी. तिसऱ्या घासाला केस निघाला तरी महाराज तिथंच ओंजळ सोडतात. चिडत नाहीत, काही बोलत नाहीत, आणि त्यांची पुढची चोवीस तासांची तहान आपल्या एका केसावर ठरलेली असते. त्या वेळी रडत बसू नये. रडण्याचा आवाज कानी पडणं हाही दुसऱ्या चौक्यातल्या महाराजांना अंतराय होऊ शकतो, हे तुम्ही सांगेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

अक्का, हे सगळं इतर गावांतही कुणी ना कुणी शिकवतं. तुम्ही केलंत ते निराळं. दुपारी चौका आवरला की तुम्ही त्याच हातांनी शास्त्राची गाठ सोडत होता.

मुनींना जवळ बाळगता येतात अशा तीनच वस्तू: संयमासाठी पिंछी (मोरपिसांचा कुंचा), शौचासाठी कमंडलू आणि ज्ञानासाठी शास्त्र. तुम्ही म्हणत होता, ज्यानं अंगावरचं वस्त्रसुद्धा ठेवलं नाही त्यानं पोथी मात्र ठेवली, यावरून अभ्यासाची किंमत ओळखा. आणि तो अभ्यास निर्वेध चालावा यासाठीच गावानं एक वेळचा घास निर्दोष ठेवायचा.

आपल्या या पट्ट्यात त्याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. भोज हे आचार्य शांतिसागरांचं गाव. 1920 साली यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे व्रतानं आहार सोडत देहत्याग. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत राहिलेले धवलादी ग्रंथ, म्हणजे प्राचीन जैन आगमांवरच्या टीका, ताम्रपटांवर कोरून घ्यायची प्रेरणा त्यांची. वीरसेनांनी 816 साली पुरी केलेली ती धवला टीका 1939 पासून हीरालाल जैन यांनी अमरावतीहून 16 खंडांत छापायला घेतली, आणि त्या संशोधनाला हात लावणाऱ्यांत आपल्या सदलग्याचे आदिनाथ उपाध्येही होते. 1906 साली बस्तीची पूजा-अर्चा सांभाळणाऱ्या घरात ते जन्मले, प्राकृताचे मोठे पंडित झाले. त्याच सदलग्यात 1946 साली आचार्य विद्यासागर जन्मले. कोथळीचे आचार्य देशभूषण. शेडबाळचे आचार्य विद्यानंद, ज्यांना 1963 साली दिल्लीत देशभूषणांनीच मुनिदीक्षा दिली. निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि शिक्षण, बोर्डिंगं हे तिचं मोठं काम ठरलं. एवढ्याशा टापूतून एवढं निघालं. घराघरांत गाळण्याचं कापड आणि पोथी एकाच खुंटीशेजारी होती, म्हणून निघालं, असं आमचं मत तुमच्याकडे शिकूनच झालं.

तुमची शिकवण्याची पद्धतही लिहून ठेवतो. रत्नकरंड श्रावकाचार या गृहस्थांच्या आचारावरच्या ग्रंथाचे 150 श्लोक, आठवड्याला 5, म्हणजे 30 आठवडे. आधी नुसता उच्चार, मग मराठीत अर्थ, मग ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांच्यासाठी कन्नडमध्ये. दशलक्षण पर्वात भाद्रपद शुद्ध पंचमीपासून रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, दहा दिवसांत दहा. सूत्रं 357, आणि लहान असल्यामुळेच मुलं धावतात. धावलं की दोन सूत्रं जुळून अर्थ बिघडतो. म्हणून प्रत्येक सूत्रानंतर एक श्वास. स्वाध्यायाचे पाच भाग: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा (चिंतन), आम्नाय (पाठांतर), धर्मोपदेश. बहुतेक ठिकाणी पहिला आणि शेवटचाच होतो. तुमच्या वर्गात पृच्छनेला, म्हणजे विचारण्याला, वेळ ठरलेला होता आणि उत्तर माहीत नसेल तर तुम्ही प्रश्न वहीत लिहून दुपारी महाराजांकडे नेत होता.

द्रव्यसंग्रहाची शेवटची, 58वी गाथा तुम्ही शिकवली तो दिवस सगळ्यांच्या ध्यानात आहे. नेमिचंद्र मुनी ग्रंथ संपवताना सांगतात, मी अल्पश्रुत, म्हणजे थोडंच शास्त्र जाणणारा, आहे, जे श्रुतपूर्ण आणि दोषरहित आहेत त्यांनी हे शोधून घ्यावं. गाथेतला शब्द आहे «सोधयंतु». तुम्ही परातीत पसरलेले तांदूळ पुढे ओढलेत आणि म्हणालात, आपणही सकाळपासून हेच करतोय, शोधतोय. उजेडात पसरायचं, एकेक दाणा बाजूला सारून बघायचं, खडा निघाला तर लाज न वाटता काढून टाकायचा. ज्ञानाचंही तसंच. त्या एका शब्दानं चौका आणि पोथी आमच्यासाठी कायमची जोडली गेली.

महाराज चार महिने राहतात आणि पायी पुढे जातात. त्यांना एका जागी राहता येत नाही. उरलेले आठ महिने गावात ते सगळं धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. आमच्या गावात ते काम तुम्ही केलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचं सांगणं दोन वह्यांत उतरवलंय, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, पोथ्या बाहेर काढू, धूळ झटकू, वेष्टनं बदलू; ताडपत्रं उन्हात ठेवणार नाही, सावलीतच. त्याच दिवशी या दोन्ही वह्या तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत. शोधून द्या.

आपल्या,
पाठशाळेतल्या सगळ्याजणी आणि सगळे