वर्तुळ आणि फुली: एका आकृतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

रावेर तालुक्यातील मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीस लावलेल्या) केळीवरील माझा प्रबंध आता पूर्णत्वास येत आहे. त्यातील सहसंबंधांची आकृती आपल्या मार्गदर्शनाशिवाय उभी राहिली नसती, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

बुंध्याचा घेर, झाडाची उंची, निसवणीस (घड बाहेर पडण्यास) लागलेले दिवस, फण्यांची संख्या, घडाचे वजन अशी १० लक्षणे घेतली की त्यांच्या ४५ जोड्या होतात. प्रबंधांत त्यांचे सहसंबंध गुणांक (दोन लक्षणे किती जोडीने बदलतात हे सांगणारे उणे १ ते १ मधले आकडे) कोष्टकात मांडून सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणाऱ्या, गुणांकांवर तारे देण्याची रीत आहे. परंतु वाचणारा तारे शोधत जातो आणि गुणांक मुळात केवढा आहे, हे पाहायचे राहून जाते. आपण सुचवलेल्या आकृतीत, म्हणजे चौकोनांच्या जाळीत, प्रत्येक जोडीला एक वर्तुळ मिळाले: गुणांक (चिन्ह सोडून) जितका मोठा तितके त्याचे क्षेत्रफळ, धन संबंधाला निळा रंग, ऋण संबंधाला तांबडा, आणि पी-मूल्य (संबंध नसतानाही एवढा गुणांक योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा अधिक असेल तेथे वर्तुळावर बारीक फुली.

वर्तुळाचा आकार आणि फुली या दोन खुणा स्वतंत्र का हव्यात, हे आपण झाडांच्या संख्येवरून समजावलेत. ३० झाडांच्या नोंदी असतील तर ५ टक्के पातळीवर सार्थ ठरण्यासाठी गुणांक किमान ०.३६१ लागतो, १०० झाडांना मात्र ०.२० सुद्धा पुरतो, पण ०.२० चा वर्ग ०.०४, म्हणजे घडाच्या वजनातील फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग त्या लक्षणाशी जुळतो, आणि असे वर्तुळ फुलीविना असले तरी लहानच दिसते, जे योग्यच आहे.

असार्थ जोड्यांचे चौकोन कोरे ठेवण्याची सोय आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणक भाषेतील कॉरप्लॉट या आकृती काढणाऱ्या साधनात आहे. ती वापरू नये, हा आपला आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. १२ झाडांवर ०.५० गुणांक आला तर तो सार्थ ठरत नाही, तरी त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा गुणांक ज्या मर्यादांत असू शकतो तो पल्ला) उणे ०.१० पासून ०.८३ पर्यंत पसरलेला असतो. तेथे कोरा चौकोन ठेवणे म्हणजे संबंधच नाही असे सांगणे, आणि तसे म्हणण्याइतका पुरावा आपल्याजवळ नसतो. मोठ्या वर्तुळावरची फुली नेमकी ही अनिश्चितता दाखवते.

४५ चाचण्यांत कोठेही संबंध नसला तरी केवळ योगायोगाने सरासरी दोनेक जोड्या सार्थ दिसतील, म्हणून फुली मारण्यापूर्वी पी-मूल्ये होल्म पद्धतीने (अनेक चाचण्यांमुळे येणारे असे योगायोग आवरण्याच्या एका रीतीने) सुधारून घेण्यासही आपण सांगितलेत. शिवाय छायाप्रतीत निळा आणि तांबडा दोन्ही करडेच उमटतात (आमच्याकडे प्रबंध वाचले जातात ते बहुधा छायाप्रतींतूनच), हे ध्यानात घेऊन जाळीच्या कर्णाखालच्या अर्ध्या भागात चिन्हासह आकडे घालण्याची सूचना आपलीच.

कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या) नोंदींची आकृती मी लक्षणांचा तोच क्रम आणि तीच रंगपट्टी ठेवून करीत आहे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील. तयार होताच ती आपल्याकडे पाठवीन.

आपला विद्यार्थी,
रावेर, जि. जळगाव