दोन 'डी'

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

गणपतीपासून तुला पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत ठीक; साखर आहे तिथंच आहे.

चिमीच्या लग्नाची पत्रिका पोचेल दोन दिवसांत. मराठी बाजू माझी, बोरूनं लिहिलेली. इंग्रजी बाजूही माझीच असं सगळे समजतात. तू मात्र 'वेडिंग' बघशील आणि हसशील. शेजारी शेजारी दोन 'डी', हुबेहूब. आपण जन्मात कधी दोन 'डी' सारखे काढलेत काय?

लिहायला बसलो होतो रे. पाच कागद घालवले. निब दाबून खाली आणली की जाड रेघ अजून झकास उतरते. दाब सोडून वर नेताना केसासारखी यायची, ती आता थरथरते. बोरूच्या रुंद रेघेत हे लपतं. निब चुगली करते, मास्तर म्हणायचेच.

प्रेसमधलं पोरगं म्हणालं, "काका, कशाला जीव काढताय, कॉम्प्युटरात आहे की हे." स्नेल राउंडहँड. तीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये चार्ल्स स्नेल नावाचा लेखनाचा मास्तर होता, त्याच्या वळणावरून मॅथ्यू कार्टरनं १९६६ साली केलेला टाइप. छपाईचा शिशाचा खिळा चौकोनी. त्यावर असलं तिरकं, एकमेकांत गुंतलेलं अक्षर बसवायचं म्हणजे टोकं मोडायची. फोटोटाइपसेटिंग आलं, म्हणजे शिशाऐवजी फोटोनं अक्षरं जुळवायचं तंत्र, आणि प्रत्येकाची शेपटी पुढच्याला नीट चिकटली.

पोरानं आधी नावं सगळी कॅपिटलमध्ये टाकली. जिलेब्यांचं ताट! मग अक्षरांत अंतर वाढवलं, तर सांधे तुटले. पत्ता बारीक घेतला, तर सोनेरी फॉइलमध्ये बारीक रेघा गायब. हॉल शोधायला ज्योतिषी लागला असता. तेवढा साध्या टाइपात घेतला.

आणि खरं सांगू? देखणं झालंय. तेच डाचतंय.

खासबागेजवळच्या त्या बोर्डाला मी स्टेन्सिल लावलं म्हणून तू "छापखान्यात जा" म्हणालास आणि आठ महिने बोलला नाहीस. गेलो बघ खुळ्या. तरी त्या बोर्डावरचा तुझा 'ळ' वाकडाच होता.

व्याही पत्रिका बघून म्हणाले, "हाताला तोड नाही तुमच्या." मी नुसती मान डोलावली. आता त्यांना साठ पाकिटांवर पाहुण्यांची नावं हवीत. त्याच अक्षरात. शाईनं, माझ्या हातानं.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? धाकट्याची बदली झाली म्हणे, बरं झालं.

तर तू चार दिवस आधी ये. विडी सोडलीस म्हणून ऐकतो, म्हणजे हात ठीक असणार. वरच्या खोलीत दार लावून बसू. निबा, शाई आणून ठेवलीय. तांबडा-पांढरा माझ्याकडून. चिमीजवळ मात्र अक्षर काढू नकोस.

तुझा,
छापखान्यात गेलेला