‘आर’चं अंतरंग विद्यार्थ्यांना दाखवा

संपादक महोदय,

मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा आमच्या मुलांना अभ्यासक्रमात आहे, पण तिच्या आत सी या दुसऱ्या संगणकभाषेत काय चालतं ते त्यांना दिसत नाही.

गेल्या वर्षी निफाडच्या द्राक्षबागांतल्या पावसाच्या नोंदींसाठी मी आरमध्ये वापरायचं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, सीमध्ये लिहिलं. थोड्या नोंदींवर ते नीट चालायचं, जास्त नोंदी दिल्या की मधूनच अख्खं आर बंद पडायचं. तेही दर वेळी नाही, हा खरा छळ. चार रात्री गेल्या. शेवटी आरमधलं ‘जीसीटॉर्चर’ हे चुका शोधायचं साधन सुरू केलं. त्याने आर जवळपास दर वेळी मेमरी मागताना नको असलेल्या मेमरीची साफसफाई करतं. काम फार मंदावतं, पण लपलेली चूक लगेच उघडी पडते. मग जीडीबी या चूक शोधणाऱ्या प्रोग्रॅमने नेमकी जागा दाखवली. नवा व्हेक्टर (आकड्यांची यादी) तयार करून मी त्याला ‘प्रोटेक्ट’ केलंच नव्हतं, म्हणजे तो अजून वापरात आहे असं आरला सांगितलंच नव्हतं. पुढची मेमरी मागताच आरने तो टाकाऊ समजून उचलला. दुरुस्ती एका ओळीची!

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या या भाषेचा कोड १९९५पासून जीपीएल या, कोड कुणालाही पाहू-बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला आहे. मला आत डोकावता आलं ते त्यामुळेच. मग आमच्या मुलांना का नाही? तिसऱ्या वर्षाला निदान दोन प्रात्यक्षिकं यावर ठेवावीत, अशी अभ्यास मंडळाला कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, गंगापूर रोड, नाशिक