क्रिप्टोचा भाव छापता, मग पेमेंट अडकल्यावर काय करायचं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात क्रिप्टोबद्दल दोनच प्रकारच्या बातम्या येतात, एक म्हणजे बिटकॉइन इतका वर गेला किंवा इतका आपटला, आणि दुसरी म्हणजे अमुक शहरात अमुक माणसाला इतक्या लाखांना गंडवलं. दोन्ही खऱ्या असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण या दोन्हीच्या मधे जे रोजचं चालू असतं, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालतं कसं, वापरणारे एकमेकांना काय विचारतात, लिहिणारे डेव्हलपर कशावरून भांडतात, त्यातलं एक अक्षरही मराठी पेपरात दिसत नाही, आणि माझं म्हणणं असं आहे की गंडवल्याच्या बातम्या कमी व्हायला हव्या असतील तर नेमकं तेच छापायला पाहिजे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो, ओळखीतले लोक वॉलेटचे, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या ॲपचे, प्रॉब्लेम घेऊन येतात, त्यावरून हे लिहितोय. क्रिप्टो घ्या असं मी कुणाला सांगत नाही, कुणी विचारलं तर नकोच म्हणतो, पण ज्यांनी घेतलंय त्यांना वाऱ्यावर सोडून कसं चालेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. पैसे पाठवले, माझ्याकडून गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, आता काय करू? आपल्याला यूपीआयची सवय, तिथं पैसे अडकले तर बँक दोन-चार दिवसांत परत करते किंवा निदान तक्रार नंबर तरी देते. बिटकॉइनमध्ये बँक नाही, ऑफिस नाही, तक्रार घेणारं कुणी नाही. तुम्ही पाठवलेलं ट्रान्झॅक्शन आधी जगभरच्या नोडकडे जातं, नोड म्हणजे ज्या ज्या कॉम्प्युटरवर हे सॉफ्टवेअर चालू आहे ते, आणि प्रत्येक नोड ते आपापल्या मेमपूलमध्ये ठेवतो. मेमपूल म्हणजे अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या ट्रान्झॅक्शनची प्रतीक्षा यादी, आणि ब्लॉक म्हणजे मंजूर झालेल्या ट्रान्झॅक्शनचा गठ्ठा. साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक निघतो, तोही सरासरीनं, कधी दोन मिनिटांत कधी पाऊण तासानं, आणि ब्लॉकमध्ये जागा ठरलेली असते म्हणून मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, जास्त फी देणाऱ्याला आधी घेतो. तुमची फी कमी असेल तर तुम्ही बसून राहता. पैसे चोरीला गेलेले नसतात, बुडालेले नसतात, नुसते थांबलेले असतात, आणि ट्रान्झॅक्शन आयडी घेऊन कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ट्रान्झॅक्शन दाखवणाऱ्या वेबसाइटवर, कुणीही ते बघू शकतं.

इथंच बहुतेकांचा घोळ होतो तो फीचा. लोकांना वाटतं मोठी रक्कम तर मोठी फी. तसं नाही, फी ट्रान्झॅक्शन किती बाइटचं आहे त्यावर ठरते. समजा तुम्हाला दुकानात हजार रुपये द्यायचेत आणि खिशात सगळ्या दहा-दहाच्या नोटा आहेत, तर मोजायला वेळ लागणारच, तसंच वॉलेटमध्ये छोट्या छोट्या रकमा खूप वेळा आल्या असतील तर तेवढे इनपुट जोडावे लागतात आणि ट्रान्झॅक्शन फुगतं. हल्लीच्या सेगविट नावाच्या, कमी जागा घेणाऱ्या ॲड्रेसवरचं एका इनपुटचं साधं ट्रान्झॅक्शन १४० व्हर्च्युअल बाइटच्या (फीसाठी आकार मोजायचं माप) आसपास बसतं, पुढं प्रत्येक जादा इनपुटमागे साधारण ६८ वाढतात. आणि जशी पाचशेची नोट दिल्यावर सुटे परत येतात तसे इथंही उरलेले पैसे परत येतात, पण बहुतेक वॉलेटमध्ये ते तुमच्याच एका नव्या ॲड्रेसवर येतात, आणि तो अनोळखी ॲड्रेस एक्सप्लोररवर बघून माणूस घाबरतो की माझे पैसे तिसऱ्याच कुणाला गेले. हे एवढंसं कुणी आधी सांगितलेलं असतं तर रात्रीची झोप उडाली नसती, असे लोक मला भेटलेत.

फी किती चढू शकते तेही सांगतो. २० एप्रिल २०२४ ला, आपल्याकडे पहाट होती, ८,४०,००० नंबरचा ब्लॉक निघाला, मायनरचं दर ब्लॉकमागचं बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं, आणि त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन बनवायला सुरुवात झाली म्हणून जागेसाठी इतकी झुंबड उडाली की त्या एका ब्लॉकमध्ये लोकांनी ३७ बिटकॉइनच्या वर फी भरली, म्हणजे बक्षिसाच्या दहापटीहून जास्त. त्या दिवशी ज्यानं नेहमीची फी लावून पैसे पाठवले तो अडकला. आपल्या पेपरात हाव्हिंगची, म्हणजे बक्षीस निम्मं झाल्याची, बातमी आली होती, भाव वाढणार का वगैरे, फीचा उल्लेख नव्हता.

अडकल्यावर उपाय आहेत आणि ते फुकट कळण्यासारखे आहेत. एक म्हणजे आरबीएफ, तेच इनपुट वापरून जास्त फीचं नवं ट्रान्झॅक्शन पाठवायचं, ते जुन्याच्या जागी बसतं, चांगल्या वॉलेटमध्ये फी वाढवा असं बटणच असतं. दुसरं सीपीएफपी, म्हणजे अडकलेले पैसे ज्याला मिळायचेत त्यानं तेच पैसे जास्त फी लावून पुढं पाठवायचे, मग मायनर दोन्ही एकत्र उचलतो. आणि काहीच केलं नाही तर बिटकॉइन कोअर या बहुतेक नोडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डिफॉल्ट सेटिंगप्रमाणे १४ दिवसांनी नोड ते ट्रान्झॅक्शन यादीतून काढून टाकतो (यादी ३०० एमबीच्या वर गेली तर कमी फीवाले त्याआधीच बाहेर पडतात) आणि ते पैसे तुम्ही पुन्हा खर्च करू शकता. आरबीएफवरून डेव्हलपर आणि दुकानदार यांच्यात वर्षानुवर्षं वाद झालाय, कारण काही दुकानं कन्फर्मेशनच्या, म्हणजे ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जाण्याच्या, आधीच माल देत होती आणि त्यांना भीती होती की गिऱ्हाईक मागाहून पेमेंट फिरवेल, तर डेव्हलपर म्हणत होते की शून्य कन्फर्मेशनवर विश्वास ठेवणं आधीपासूनच धोक्याचं होतं. २०१६ च्या ०.१२ व्हर्जनमध्ये ज्याला हवं त्यानं खूण करून वापरायची अशी सोय आली आणि २०२४ च्या २८ व्हर्जनपासून ते सगळ्यांसाठी डिफॉल्ट झालं. मला डेव्हलपरांचं म्हणणं पटतं, पण दुकानदाराची अडचणही खोटी नव्हती.

आता हे माहीत नसलेला माणूस काय करतो, तर मोबाइलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. बिटकॉइनचा कस्टमर केअर नंबर अस्तित्वातच नाही, त्यामुळे जो नंबर सापडतो तो चोराचाच असतो. तो गोड बोलतो, तुमचं पेमेंट अडकलंय हे मला दिसतंय म्हणतो (ते तर कुणालाही दिसतं), आणि सोडवण्यासाठी वॉलेट व्हेरिफाय करा म्हणून वॉलेट सुरू करताना मिळालेले बारा शब्द मागतो. संपलं. त्या बारा शब्दांतूनच वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात, ते ज्याच्याकडे त्याचे पैसे, आणि एकदा गेलेले परत आणायचं बटण कुठंही नाही. तसं झालंच तर लगेच १९३० वर फोन करायचा आणि ट्रान्झॅक्शन आयडी पोलिसांना द्यायचा, कारण चोरानं ते पैसे एखाद्या एक्सचेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे) नेले तर तिथं गोठवता येण्याची थोडी तरी आशा असते.

त्या बारा शब्दांबद्दलही थोडं लिहितो कारण आपल्या लोकांना त्यात खास अडचण येते. ते शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. स्पॅनिश, जपानी, कोरियन, चेक अशा काही भाषांतही याद्या आहेत पण मराठी किंवा हिंदीची नाही, आणि असती तरी वापरू नका असंच मी म्हणालो असतो कारण खूप वॉलेट इंग्रजी सोडून दुसरी यादी घेतच नाहीत. म्हणजे ज्यांचा इंग्रजीशी फार संबंध नाही अशा माणसानं ते शब्द हातानं लिहायचे. स्पेलिंग चुकतं, मग मोबाइल बिघडला की वॉलेट उघडेना म्हणून रडकुंडीला येतात. पण ती यादी अशी केलीय की पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द ओळखता येतो, म्हणजे शेवटी एखादं अक्षर चुकलं असेल तरी यादी समोर ठेवून शब्द शोधता येतो, आणि शेवटच्या शब्दात चेकसम, म्हणजे बाकीचे शब्द बरोबर आहेत का ते तपासणारा आकडा, असतो त्यामुळे शब्द चुकला किंवा क्रम बदलला तर बहुतेक वेळा वॉलेट लगेच सांगतं. हे घरी बसून, नेट बंद करून करायचं काम आहे, दुसऱ्याच्या हातात देऊन नाही.

वॉलेट अपडेटचंही तसंच. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम नावाच्या नावाजलेल्या वॉलेटमध्ये असं झालं की चोरांनी स्वतःचे सर्व्हर जोडले आणि कुणी पैसे पाठवायला गेलं की वॉलेटच्या आतच मेसेज यायचा, अपडेट करा, खाली लिंक. लिंकवरचं अपडेट नकली. मूळ वॉलेट अस्सल, मेसेज खोटा, आणि त्यात भलेभले फसले. म्हणून डेव्हलपर सारखे सांगतात की फाइल मूळ ठिकाणाहून घ्या आणि तिच्यावरची डेव्हलपरची डिजिटल सही तपासा. ती सही कशी तपासायची हे मराठीत नीट लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही.

सहीवरून आठवलं, १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन गेले, सगळ्या पेपरांत मोठ्ठी बातमी होती, आपल्याही. त्यात किती कोटी गेले, किती लोक हवालदिल झाले ते आलं. पण ते पैसे एका माणसाच्या सहीनं निघणारे नव्हते, एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या, आणि कंपनीनंच नंतर सांगितलं की स्क्रीनवर जे दिसत होतं आणि प्रत्यक्षात ज्यावर सही झाली त्यात फरक होता. पुढं २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्सचेंजचे दीड अब्ज डॉलरच्या आसपास गेले तेही याच वळणावर, सही करणाऱ्यांना स्क्रीनवर भलतंच दाखवून. डेव्हलपर लोक याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात आणि हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ल्या ठेवायच्या वेगळ्या छोट्या मशीनच्या) स्क्रीनवर पूर्ण मजकूर कसा दाखवायचा यावर घासाघीस चालू असते. साध्या माणसालाही हे कळायला पाहिजे, कारण तो पण फोनवर ॲप्रूव्ह दाबताना काय दाबतोय ते बघत नाही.

चुका डेव्हलपरांच्याही होतात आणि त्या ते कशा निस्तरतात ते वाचण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट २०१० ला बेरजेतल्या एका बगमुळे ७४,६३८ नंबरच्या ब्लॉकमध्ये १८,४०० कोटींवर बिटकॉइन हवेतून तयार झाले, जेव्हा एकूण कमाल २ कोटी १० लाखच असायला हवेत. काही तासांत दुरुस्त व्हर्जन आलं आणि ती चेन, म्हणजे त्या ब्लॉकवर उभी राहिलेली साखळी, मागं पडली. मार्च २०१३ मध्ये ०.८ व्हर्जननं डेटाबेस बदलला, जुन्या व्हर्जनच्या डेटाबेसला एक मोठा ब्लॉक पेलला नाही, आणि चेनचे दोन तुकडे झाले, तेव्हा नव्या व्हर्जनवरच्या मोठ्या मायनिंग पूलनी (मायनरांच्या गटांनी) रातोरात स्वतःचं नुकसान सोसून जुन्याकडे यायचं मान्य केलं. सप्टेंबर २०१८ मधलं तर मला फार मोठं वाटतं. कोअरमध्ये असा बग होता की त्यातून जादा कॉइन बनवता आले असते, आणि तो शोधून गुपचूप कळवला तो बिटकॉइन कॅशच्या बाजूच्या डेव्हलपरनं, म्हणजे ज्यांच्याशी वर्षभरापूर्वी कडाक्याचं भांडण होऊन वाटा वेगळ्या झाल्या त्यांच्यातल्यानं. त्याला गप्प बसून फायदा उठवता आला असता. त्यानं तसं केलं नाही. अशी बातमी पहिल्या पानावर का येऊ नये?

भांडणं आजही आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या कोअर ३० मध्ये ट्रान्झॅक्शनला जोडायच्या डेटाची डिफॉल्ट मर्यादा ८३ बाइटवरून १ लाख बाइट केली. कोअरवाले म्हणतात लोक नाहीतरी आडमार्गानं डेटा घुसवतात आणि तो आडमार्ग सगळ्या नोडना कायमचा जड पडतो, विरोधक म्हणतात बिटकॉइन पैशासाठी आहे, चित्रं साठवायला नाही, आणि त्यातले बरेच नॉट्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले. मला कोअरचा तांत्रिक मुद्दा बरोबर वाटतो, पण इतक्या लोकांचा विरोध असताना आणखी थांबायला हवं होतं असंही वाटतं. कुठल्या बाजूनं जायचं हे ज्याचा त्याचा नोड ठरवतो, हेच तर यातलं वेगळेपण आहे.

आता आपल्या महाराष्ट्रापुरतं. गेनबिटकॉइनचं प्रकरण पुण्यात किती गाजलं ते आपण छापलंय, दरमहा १० टक्के, १८ महिने, मायनिंगमधून देतो असं आमिष होतं. त्या वेळी एखाद्या मराठी पेपरात एवढंच आलं असतं की दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड ते, बदलते, नवीन मशीन वाढली की जुन्या प्रत्येक मशीनचा वाटा घटतो, आणि जुलै २०१६ मध्ये बक्षीस २५ वरून १२.५ बिटकॉइनवर येणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, तर कुणीही विचारलं असतं की मग बाबा दर महिन्याला ठरलेले १० टक्के तू आणणार कुठून? मायनिंगमध्ये ठरलेलं मासिक उत्पन्न असूच शकत नाही. शेती विकून पैसे घातलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही, कारण ते त्याच्या भाषेत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तर विनंती अशी की अर्थ पानावर भावाच्या चौकटीशेजारी आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम यासाठी द्या. ३० टक्के टॅक्स आणि १ टक्का टीडीएस लोकांना पाठ झालाय, तो परत नको. पहिल्या आठवड्यात अडकलेलं पेमेंट आणि कस्टमर केअरचे खोटे नंबर घ्या, दुसऱ्यात बारा शब्द, तिसऱ्यात फाइलची सही तपासणं. लिहिणारा माणूस कुठल्या एक्सचेंजचा नसावा आणि त्यानं कुठला कॉइन घ्या हे सांगू नये, एवढी अट ठेवा. मजकूर तपासून द्यायचं काम मी आनंदानं करीन, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक