दारूऐवजी पाण्याचे रॉकेट

महोदय,

सुट्टीत मुलांबरोबर रॉकेट जरूर करावे, पण फटाक्यातली दारू काढून मुळीच नाही. पाणी आणि हवा पुरते: उलट्या बाटलीत पंपाने हवा भरत गेले की बूच सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर उडते. बाटली 2 लिटरची, सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच घ्यावी. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, दाबाने फाटते. एक तृतीयांश पाणी भरावे. जास्त झाले तर ढकलायला हवा उरत नाही, कमी पडले तर जोर क्षणात संपतो. तोंडाला घट्ट रबरी बूच, त्यातून आरपार सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि 5 मीटर लांब नळीचा, दाब दाखवणारा पंप.

रॉकेट हवेत कोलांट्या खाते ते बहुधा शेंडा हलका असल्याने. जुन्या प्लास्टिक फाइलचे 3 पंख अगदी मागे, बुचाच्या बाजूला लावावेत, शेंड्यात साधारण 50 ग्रॅम शाडू भरावी. मग पाणी न भरता, तोल साधतो तिथे दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवावे. शेंडा पुढे राहिला तर ठीक, आडवेतिडवे झाले तर आणखी माती. पंखांना ग्लू गन नको: उष्णतेने बाटली आक्रसते आणि नेमकी तिथेच फुटते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चालते.

दाब 50 पीएसआयच्या (पंपावर दिसणारे दाबाचे माप) पुढे नेऊ नये. बूच सुटलेच नाही म्हणून वाकून पाहायला जाणे सर्वांत धोक्याचे. बुचाला आधीच दोरी बांधून लांबूनच ओढावी. ओरखडा किंवा पांढरी घडी पडलेली बाटली थेट भंगारात.

— एक वाचक